सुगंधाची चढाई

"नाई खात मी," सुगंधा म्हणाली आणि तिनं अंड्यांचा डबा माझ्या मांडीवर परत ठेवला.

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्धा सोडून अर्धा तासही झाला नसेल. मे महिन्याचं ऊन, खिडकीच्या गजांना हात लावायची सोय नाही, आणि इतका वेळ कल्ला करणाऱ्या आम्ही पोट्ट्या एकदम चूप झालो. सुगंधा पेंदाम अंडी नको म्हणते? सांगलीला राज्य स्पर्धेला निघालोय आणि ही अंडी नको म्हणते?

"काऊन वं? सडले का?" शबानानं विचारलं. त्या दिवशीची अंडी तिच्या घरची होती, त्यामुळं तिला झोंबलं.

"भूक नाई."

"भूक कोण विचारून राहिलं तुले? खा मुकाट्यानं. परवा मॅच हाय."

सुगंधानं शबानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि एक अंडं उचलून पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. औषधाची गोळी घ्यावी तसं. मग दुसरं. आमचा जीव भांड्यात पडला.

आता हे अंड्यांचं प्रकरण सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल या वरोऱ्याच्या पोट्ट्या वेड्या होत्या. वेड्या नव्हतो. आमचा हिशेब साधा होता. आमच्या बास्केटबॉलच्या टीममध्ये एकटी सुगंधा सहा फुटी होती. बाप वनखात्यात चौकीदार, त्याची चौकी पार जंगलात, म्हणून पोरगी वरोऱ्याला मावशीकडं शिकायला. मावशीच्या घरी खाणारी तोंडं जास्त. तर आमच्या वासेकर सरांनी ठरवून दिलं: रोज एका पोरीनं सुगंधासाठी दोन उकडलेली अंडी आणायची. आणि ती सरावाच्या आधी तिनं आमच्यासमोर खायची. तिचं दप्तर आम्ही उचलायचो. तिला सायकल चालवायची मनाई होती, पडली-बिडली तर! सर म्हणायचे, "पोरीहो, सुगंधाले जपा. सुगंधा हाय तर आपण हाय."

आणि ते खरंच होतं, कारण सरांनी खेळच तसा बसवला होता.

वासेकर सर मूळचे कबड्डीवाले. तरुणपणी त्यांच्या चढाईला अख्खा जिल्हा भ्यायचा म्हणे. पुढं शाळेत पीटीचे मास्तर झाले, शाळेला कुठल्याशा योजनेतून बास्केटबॉलचं मैदान मिळालं, आणि हेडसरांनी शिट्टी त्यांच्याच गळ्यात घातली. सरांनी जन्मात बास्केटबॉल खेळला नव्हता. पण माणूस हटणारा नव्हता. त्यांनी आपल्या डोक्यानं तोडगा काढला. कबड्डीत एकजण चढाईला जातो, बाकीचे आपल्या अंगणात उभे राहतात. इथंही तेच. मी बॉल घेऊन पुढं जायचं, सरांनी मूठ वर केली की तो सुगंधाकडं फेकायचा, आणि मग आम्ही चौघींनी मागं सरून उभं राहायचं. मधे लुडबुड करायची नाही. सुगंधा एकटी घुसायची, वळायची, उडी मारायची, बास्केट करायची. सर बाहेरून ओरडायचे, "चढाई! चढाई!" पाहणाऱ्यांना वाटायचं, मास्तर मैदान चुकले.

हसा खुशाल. पण चार वर्षं आम्ही जिल्ह्यात आणि विभागात कोणाला हार गेलो नाही. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या पोरी सुगंधाच्या खांद्याला लागायच्या, त्या काय अडवणार? वर्तमानपत्रात तिचा फोटो यायचा, खाली आमची नावं बारीक अक्षरात. मला त्याचं काही वाटत नव्हतं, शप्पथ. बॉल नेऊन देणं आणि उभं राहणं हे माझं काम, आणि त्यात माझी मास्टरी होती.

माझं लक्ष सर्टिफिकेटवर होतं. राज्यात पहिल्या तिघांत आलं की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता येत होता. माझ्या बाबांनी मला घरातून निघतानाच सांगितलं होतं, "रंजना, पहिल्या तिनात आली तं भरतीची तयारी कर, मी आडवा येत नाई. नाई आली तं माजरीचं स्थळ हाय. दिवाळीनंतर बार उडवून टाकू." माजरीचा तो पोट्टा मी पाहिला होता. माणूस वाईट नसेल, पण माझ्याकडं न बघता सगळा वेळ आमच्या टीव्हीकडं बघत होता. मी तेव्हाच ठरवलं होतं, मरेन पण माजरीला जाणार नाही.

सुगंधाचं वेगळं होतं. तिला महाराष्ट्राच्या संघात जायचं होतं. महिनाभरापूर्वी पुण्याला शिबिराला बोलावलं होतं तिला. आम्ही तिला हार घालून बसमध्ये बसवली, आणि आठ दिवसांत पोरगी परत. ताप आला म्हणाली. आम्ही अंड्यांसोबत मोसंबीही सुरू केली.

सांगलीत आमची सोय एका शाळेच्या वर्गात होती. बाकं सरकवून सतरंज्या टाकल्या होत्या. पहिल्या दोन मॅच चढाईवर निघाल्या. सर खूश. मग सेमीफायनलला मुंबईच्या पोरी आल्या, आणि त्यांनी आमचं पाणी जोखलं. त्यांच्यात सुगंधाएवढ्या दोघी होत्या. बॉल तिच्याकडं गेला की तिघीजणी तिला घेरायच्या. आमच्या चौघींकडं कोणी ढुंकूनही बघत नव्हतं, आणि बघावं असं आम्ही काही करतही नव्हतो. ती घुसायची, आपटायची, उठायची, पुन्हा घुसायची. मी तिथून दहा पावलांवर कमरेवर हात ठेवून उभी होते. आम्ही सपाटून हरलो.

आता उरली तिसऱ्या नंबरची मॅच. साताऱ्याशी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

त्या दिवशी सकाळी शाळेच्या नळावर मी आणि सुगंधा जर्सी धूत होतो. शबाना पलीकडच्या नळाखाली डोकं घालून बसली होती. सुगंधाच्या दोन्ही दंडांवर ओरखडेच ओरखडे.

"लय लागलं का वं?" मी विचारलं.

"हाव," ती म्हणाली.

मी चमकले. ही पोरगी कधी हाव म्हणायची नाही. कितीही लागलं तरी 'नाई' म्हणायची.

"रंजी, मले पुण्याले ताप नव्हता आला."

"मंग?"

"वापस पाठवलं मले."

माझ्या हातातली जर्सी तशीच राहिली. "तुले? कायले?"

"तथल्या गोंधळेकर मॅडमनं इचारलं, बॉल हातात आला की तू कोणाले पाह्यतेस? म्या म्हटलं, रिंगीले. त्या म्हणे, आन् तुझ्या टीमच्या बाकीच्या चौघी? म्या म्हटलं, त्या मांगं उभ्या रायते." तिनं जर्सी पिळली. "मॅडम हासल्या नाई. हासल्या असत्या तं बरं झालं असतं. म्हणे, मग तू अजून हा खेळ शिकलीच नाहीस बाळ."

"असं म्हटलं? तुले? तू एका मॅचमध्ये चाळीस पॉइंट मारते हे नाई सांगितलं?"

"सांगितलं. त्यायले मालूम होतं." ती नळाकडं बघून बोलत होती. "तथल्या पोट्ट्या बॉल मांगते, रंजी. टाळी वाजवते, नाव घेते, धावत येते. मले समजेचना कोण काय मांगून राहिलं. सगळा कल्लाच कल्ला. आपल्या इथं मले कोणी काही मांगतच नाई. देऊन टाकते आन् सरकते."

मी नळ बंद केला.

"आज मॅडम येऊन राहिल्या मॅच पाहाले. बक्षीस समारंभात महाराष्ट्राची यादी सांगणार हाय. तू एक कर. बॉल मले दे, पण देऊन उभी राहू नको. माह्याकडून मांग."

आता माझं डोकं फिरलं. "बह्याड झाली का तू? आज? तिसऱ्या नंबरच्या मॅचले? चार वर्षं चढाई खेळलो आपण, दुसरं काही येते का कोणाले? तुले महाराष्ट्राची जर्सी पाह्यजे म्हणून मी माजरीले जाऊ?"

"मी हरवाले नाई सांगून राहिली."

"मंग काय सांगून राहिली? अंडे चारले, दप्तर उचललं, लेकराले जपत नाई तसं जपलं तुले."

"हाव ना!" ती एकदम उसळली. चार वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज चढलेला ऐकला मी. "पोळ्याच्या बैलावाणी जपलं. चारता, पुजता, आन् मंग जुंपता. कोणी एक दिवस संग बसून खाल्लं का माह्या? सगळ्याजणी बसून मी खाऊन राहिली का नाई ते पाह्यता! आन् मले अंडे आवडतच नाई!"

"अंडे आवडत नाई?" पलीकडून शबाना ओरडली. डोक्यावरून पाणी गळत होतं. "चार सालापासून माह्या अम्मीच्या कोंबड्या..."

मला हसू आलं. सुगंधाही हसली, पण लगेच चेहरा पाडून म्हणाली, "जाऊ दे. नको करू काही. बोलली ते बोलली." आणि जर्सी झटकून वाळत घालायला लागली.

थोड्या वेळानं मीच तिच्यामागं गेले. "समज, मांगितलं. तुह्या आंगावर तीन तीन पोट्ट्या लोंबकळून रायते, तुही पाठ आमच्याकडं. मी तुले दिसन कशी?"

"तेच तं."

"खो द्यायचा मंग," शबाना म्हणाली. टॉवेलनं केस पुसत ती आमच्यामागं येऊन उभी होती. "हासू नका. मी खो-खोत होती आधी. बसलेलीले मांगून कोण येऊन राहिलं ते कुठी दिसते? कानानंच समजते. खो आला की उठायचं. हिनं खो आला की बॉल फेकायचा. अलगच आवाज असते तो, कल्ल्यात बी कळते."

सर आयोजकांच्या मीटिंगला गेले होते. आम्ही शाळेच्या पटांगणात अर्धा तास करून पाहिलं. दहा वेळा करावं तर पाच वेळा बॉल भलतीकडं. बाकीच्या पोरी म्हणाल्या, सर मारतील. शबाना म्हणाली, मारू दे, पण यात मज्जा आहे. शेवटी सगळ्या माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या, कारण बॉल माझ्या हातात असायचा.

"पाहू," मी म्हणाले. मनात म्हटलं, मुळीच नाही.

संध्याकाळी मैदानाच्या चारही बाजूंनी ही गर्दी. सांगलीकरांना खेळाची भारी हौस. गोंधळेकर मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. कॉटनची साडी, त्याखाली पांढरे बूट, मांडीवर वही. सुगंधानं मला कोपरानं ढोसलं नाही की डोळ्यानं खुणावलं नाही. नुसती बुटांची नाडी बांधत बसली होती.

आणि पहिल्या अर्ध्यात चढाई चालली! साताऱ्याच्या पोरींनीही तिघी तिघी लावल्या, पण मुंबईएवढ्या उंच नव्हत्या त्या. सुगंधा त्यांना अंगावर घेऊन घुसत होती. फाउल मिळत होते. कोपर फुटलं, पट्टी लावली, पुन्हा घुसली. हाफटाइमला आम्ही सहा पॉइंटनी पुढं होतो. सर नाचायचे बाकी होते. "आता काहीच बदलायचं नाई! असंच! असंच! सर्टिफिकेट खिशात हाय, पोरीहो!"

मी मॅडमकडं पाहिलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं होतं आणि शेजारच्या बाईंशी गप्पा मारत होत्या. बघण्यासारखं काही उरलं नाही त्यांना.

सुगंधा माझ्या शेजारी बसून पाणी पीत होती. तिनंही मॅडमना बघितलं असणार. माझ्याकडं एकदा जरी आशेनं बघितलं असतं ना तिनं, तर मी चिडले असते आणि गुमान चढाईच केली असती. पण तिनं बघितलं नाही. पट्टी नीट दाबली, तोंड पुसलं, आणि जुंपून घ्यायला उभी राहिली. मला फार वाईट वाटलं. इतकं की माजरी, बाबा, दिवाळी सगळं एका क्षणापुरतं डोक्यातून गेलं.

खेळ सुरू झाला. सरांनी मूठ वर केली. मी बॉल सुगंधाकडं फेकला आणि सवयीनं पाय मागं यायला लागले. मग मी ते पाय उचलले आणि त्या तिघींच्या गराड्यामागून रिंगेकडं पळत सुटले.

"खो!"

माझा आवाज चिरकला. पण सुगंधाला कळला. ती गर्रकन वळली आणि तिनं बॉल असा फेकला की माझ्या छातीवर आदळून थेट बाहेर. प्रेक्षक खदाखदा हसले.

दुसऱ्यांदा मी बॉल धरला. रिंगेखाली मी एकटी. अडवायला कोणी नाही. मी फेकला, आणि तो रिंगेला न लागता पलीकडं गेला. चार वर्षांत मॅचमध्ये बास्केटवर बॉल टाकायची वेळच आली नव्हती माझ्यावर. तिसऱ्यांदा साताऱ्याच्या पोरीनं मधेच पळवला. आमचे सहा पॉइंट कधी गेले कळलंही नाही, उलट आम्ही चारनं मागं पडलो.

सरांनी टाइमआउट घेतला. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. "रंजना! हे काय चाळे होय? डोक्शावर पडली का? बस बाहेर!"

मी बाहेर बसले. माझ्या जागी दुसरी पोरगी गेली. मला रडू यायला लागलं होतं. गेलं सर्टिफिकेट. माझ्याच हातानं घालवलं. बाबांचा चेहरा दिसायला लागला.

तेवढ्यात मैदानातून आवाज आला. "खोऽऽ!"

शबाना! तिचा आवाज म्हणजे वरोऱ्यात हाक मारली तर भद्रावतीत ऐकू जाईल असा. सुगंधानं न बघता खांद्यावरून बॉल टाकला, शबानानं दोन ढांगांत रिंग गाठली आणि टाकला आत. आमच्याकडून सुगंधाशिवाय कोणी बास्केट केलेली मी त्या स्पर्धेत पहिल्यांदा बघत होते.

"आयला, ह्ये खो-खो हाय व्हय?" मागून एक सांगलीकर ओरडला. पुढच्या वेळी शबाना पळाली तेव्हा निम्म्या गर्दीनंच "खोऽऽ" केला. पुन्हा बास्केट. खो-खोवर जीव टाकणारं गाव ते. त्यांना तर कोलीतच मिळालं.

सर माझ्याकडं वळले. आवाज खाली आला होता. "रंजना, हे कोणं शिकवलं तुम्हाले?"

"सुगंधानं मांगितलं, सर."

"सुगंधानं?"

"हाव. म्हणे, मी एकटीच खेळते. म्हणे, कोणी संग खेळा." मी नाक पुसलं. "तिले पुण्याहून वापस पाठवलं होतं सर. ताप नव्हता. तिले पास देता येत नाई म्हणून."

मैदानात सुगंधा पुन्हा गराड्यात होती, आणि यावेळी डाव्या बाजूनं दुसरीच पोरगी "खो" म्हणत पळत होती. सुगंधाचा चेहरा मला दिसला. पोरगी चक्क हसत होती. मॅचमध्ये! सरांनीही ते बघितलं.

"मले का नाई सांगितलं तिनं?" ते पुटपुटले. "चार वर्षं रोज माह्यासमोर होती पोरगी." मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "म्या एक्टीलेच पाठवत राहिलो वं तिले." आणि एकदम माझ्या पाठीत धपाटा घातला. "जा. आत जा. आन् बॉल नीट धर जरा, लोण्याचे हात हाय का तुहे?"

मी आत गेले. सर मूठ वर करायचे विसरले की त्यांनी मुद्दाम केली नाही, मला माहीत नाही. त्यांना दुसरं काही शिकवता येत नव्हतं, म्हणून ते नुसतेच बाजूनं पळत "शाब्बास! शाब्बास!" करत होते. मॅडमच्या पेनाचं टोपण निघालं होतं. मी खोटं नाही सांगत, माझीही एक बास्केट झाली. बॉल रिंगेवर दोनदा नाचला आणि उपकार केल्यासारखा आत पडला. आम्ही बरोबरीला आलो.

साताऱ्याच्या पोरी आता गोंधळल्या. कोणाला धरावं? त्या सुगंधाला सोडून आमच्यामागं पळायला लागल्या. शेवटच्या मिनिटात बॉल शबानाकडं होता, तिच्यावर दोघी, माझ्यावर एक. आणि रिंगेखाली सुगंधा मोकळी उभी. एकदम मोकळी. चार वर्षांत ती कधी मोकळी नव्हती. शबानाचं तिकडं लक्ष नव्हतं.

तेव्हा सुगंधानं हात वर केला, टाचा उचलल्या, आणि ओरडली, "खो! शब्बो, खो!"

मैदानावर आम्ही तिचा आवाज कधी ऐकला नव्हता. कशाला ऐकणार? तिला बॉल मागावाच लागत नव्हता. शबानानं फेकला, सुगंधानं वरच्या वर धरला आणि आरामात, घाई न करता आत टाकला. त्या दोन पॉइंटनी आम्ही जिंकलो.

आम्ही तिच्या अंगावर पडलो, सर आमच्या अंगावर पडले. ते तिसऱ्या नंबरचं सर्टिफिकेट आजही माझ्या फाइलला आहे. त्यावर मी नोकरीला लागले, आणि माजरीच्या त्या पोट्ट्यानं टीव्ही बघणारी दुसरी कोणीतरी शोधली. पण ते मागाहून.

बक्षीस समारंभात गोंधळेकर मॅडमनी यादी वाचली. एकेक नाव, टाळ्या, एकेक नाव, टाळ्या. आम्ही एकमेकींचे हात धरून उभ्या. बारावं नाव झालं, मॅडमनी कागदाची घडी केली.

सुगंधाचं नाव नव्हतं.

दुसऱ्या अर्ध्यात तिनं किती बास्केट केल्या होत्या? तीन? चार? चढाई खेळली असती तर दहा केल्या असत्या. मी तिचा हात घट्ट धरला आणि रडायलाच लागले. "माह्यामुळं झालं, सुगंधा. माह्यामुळं."

"तुह्यामुळं झालं ते अलगच हाय, हे नाई," ती म्हणाली. तिनं माझा हात सोडवून घेतला. आणि सरळ स्टेजकडं चालायला लागली.

"अवं, कुठी चालली?" सर मागून धावले. ही पोरगी सरांनाही कधी काही मागायची नाही. बूट फाटले तर आम्ही सांगायचो, हिचे बूट फाटले.

मॅडम पर्स घेऊन निघायच्या बेतात होत्या. सुगंधा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मले पुन्हा बोलवा."

मॅडमनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. "पेंदाम, यादी झाली गं. आज बरी खेळलीस, मी बघितलं. पण शिबिरात महिनाभर सराव केलेल्या मुलींना मी एका मॅचवर काढू शकत नाही."

"काढू नका. यादीत नको. नुसतं सरावाले येऊ द्या. बॉल उचलाले ठेवा."

"अगं, पहिला हाफ तू तसाच खेळलीस ना? पुण्यात खेळत होतीस तसाच."

"हाव. पहिला तसाच खेळली." सुगंधा जागची हटली नाही. "दुसरा नाई खेळली तसा."

मॅडम थोडं हसल्या. "आणि माझ्या मुली काही खो देणार नाहीत तुला. मग काय करशील?"

सुगंधानं जरा विचार केला.

"नाई दिला तरी चालन," ती म्हणाली. "आता मले मालूम हाय, मांगं कोणीतरी हाय म्हणून."

मॅडमनी तिच्या खांद्यावरून मागं बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही सगळ्याच्या सगळ्या, सर धरून, कधी चालत आलो आणि तिच्या पाठीशी उभ्या राहिलो ते आम्हालाही कळलं नव्हतं. शबानाचे डोळे लाल, सरांचा चष्मा हातात, माझं नाक वाहत होतं.

"सोमवारी सकाळी सहा," मॅडम म्हणाल्या. "पुण्याच्या मैदानावर. एक मिनिट उशीर झाला तर फाटकातून परत."

"हाव, मॅडम!" आम्ही सगळ्याजणी एकदम ओरडलो, आणि त्या कल्ल्यात सुगंधाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.